पीएमपीच्या तयारीत खरा उपयोग कशाचा झाला: क्लास, स्टडी हॉल आणि चुकांची वही

पीएमपी म्हणजे पीएमआय या संस्थेची प्रकल्प व्यवस्थापकांसाठीची परीक्षा. तिच्यासाठी मी तीन गोष्टी वापरल्या: ३५ तासांचा एक ऑनलाइन क्लास, पीएमआयचं ऑनलाइन सरावाचं ‘स्टडी हॉल’ आणि एक २०० पानी वही. कशामुळे पास झालीस असं कुणी विचारलं, तर मी वहीचं नाव घेते. पण त्या वहीत उतरवायला जे लागलं ते स्टडी हॉलमधून मिळालं. क्लासनं अर्जापुरते तास दिले आणि एक फार मोलाचा रविवार दिला. पैसे आणि वेळ कुठे घालायचा हे ठरवणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून तिन्हींबद्दल सविस्तर लिहिते आहे.

आधी माझं काम सांगते, कारण ही परीक्षा कुणाला कुठे जड जाईल हे बरंचसं कामावर ठरतं. मी १३ वर्षं कारखान्यांत कंट्रोल पॅनल बसवून ऑटोमेशन सुरू करून देण्याचे प्रकल्प सांभाळते आहे. ड्रॉइंगची मंजुरी, खरेदी, जोडणी, टेस्टिंग, कमिशनिंग. एक टप्पा संपल्याशिवाय दुसरा सुरू होत नाही. साइटवर काही अडलं की फोन उचलायचा, माणूस हलवायचा, सामान हलवायचा, गरज पडली तर वरिष्ठांना मध्ये घालायचं. हे मला चांगलं जमतं आणि त्यामुळे प्रकल्प वेळेत पूर्ण झालेत. माझी निम्मी चुकीची उत्तरं मात्र याच सवयीतून आली.

अर्जाचं थोडक्यात सांगते. मी अर्ज केला तेव्हा चार वर्षांची पदवी असेल तर गेल्या ८ वर्षांतला, प्रकल्पाचं नेतृत्व केल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागायचा, शिवाय प्रकल्प व्यवस्थापनाचं ३५ तासांचं शिक्षण. एकाच वेळी दोन प्रकल्प चालू असतील तर ते महिने दोनदा धरले जात नाहीत. माझा पहिला हिशेब इथेच चुकला होता, तेव्हा महिने नीट मोजा. प्रत्येक प्रकल्पाचा उद्देश, तुमची जबाबदारी आणि निष्पत्ती आपल्या शब्दांत लिहा. काही अर्ज ऑडिटसाठी निवडले जातात आणि मग तुमच्या त्या वेळच्या वरिष्ठांकडून अनुभवाची खातरजमा करून घ्यावी लागते. कागद द्यायला ९० दिवस मिळतात. माझा अर्ज निवडला गेला नाही, तरी मी चारही जुन्या वरिष्ठांना आधीच कळवून ठेवलं होतं. अर्ज मंजूर झाल्यापासून वर्षभरात परीक्षेचे ३ प्रयत्न करता येतात.

आता क्लास. नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार त्या एका क्लासपुरती नाही. पहिले चार शनिवार-रविवार आम्हाला २०१७ सालच्या सहाव्या आवृत्तीच्या पीएमबोक गाइडमधल्या (पीएमआयचं प्रकल्प व्यवस्थापनाचं मार्गदर्शक पुस्तक) ४९ प्रक्रिया पाठ करायला लावल्या. प्रत्येक प्रक्रियेचे इनपुट कोणते, साधनं कोणती, आउटपुट कोणतं याचे तक्ते, आणि दर आठवड्याला त्यावर तोंडी परीक्षा. मी इमानदारीनं पाठ केलं. सकाळी लवकर उठून, प्रवासात, जेवणाच्या सुट्टीत. माझ्या १२ वर्षांच्या मुलीनं कार्डं हातात धरून माझी उजळणी घेतली. तिची मेहनत आठवली की मला अजून वाईट वाटतं, कारण परीक्षेत या पाठांतरावर सरळ आधारलेला प्रश्न मला जवळपास मिळालाच नाही.

परीक्षेत कशावर किती विचारायचं हे पीएमआयच्या आराखड्यात ठरलेलं असतं. जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या आराखड्यात ४२ टक्के प्रश्न ‘पीपल’चे, ५० टक्के ‘प्रोसेस’चे आणि ८ टक्के ‘बिझनेस एन्व्हायर्नमेंट’चे होते. साधारण निम्मे प्रश्न ठरीव योजनेनं चालणाऱ्या प्रकल्पांचे आणि निम्मे एजाइल (छोट्या टप्प्यांत काम करत योजना बदलत नेणाऱ्या) किंवा हायब्रिड (दोन्हींचं मिश्रण असलेल्या) प्रकल्पांचे. मी याच आराखड्यावर परीक्षा दिली. त्याच वर्षी आलेल्या पीएमबोक गाइडच्या सातव्या आवृत्तीत तर मांडणीच बदलली. तिथे १२ तत्त्वं आणि ८ परफॉर्मन्स डोमेन (कामाची क्षेत्रं) आहेत. हे सगळं जाहीर असताना एखादा क्लास जुनेच तक्ते घोकून घेत असेल, तर त्याची किंमत नोकरी आणि घर सांभाळून शिकणाऱ्या माणसाला आपल्या वेळेनं चुकवावी लागते. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: क्लास लावण्याआधी विचारा की तुम्ही कोणत्या आराखड्याप्रमाणे शिकवता. आराखडा पीएमआयच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो आणि वेळोवेळी बदलतो. तुमच्या परीक्षेच्या तारखेला कोणता लागू असेल ते आधी पाहा आणि क्लासचं वेळापत्रक त्याच्या शेजारी ठेवून वाचा. अर्ध्या तासात कळतं.

याच क्लासमधला एक रविवार मात्र सोन्यासारखा होता. नेहमीचे सर आजारी होते म्हणून एक बाई आल्या. त्यांनी स्लाइड उघडलीच नाही. टकमन यांनी १९६५ मध्ये मांडलेले टीमचे टप्पे, म्हणजे फॉर्मिंग, स्टॉर्मिंग, नॉर्मिंग, परफॉर्मिंग, फळ्यावर लिहिले आणि आम्हाला विचारलं, “तुमची आत्ताची टीम कुठे आहे? आणि तुम्ही तिच्याशी कुठल्या टप्प्यातल्यासारखं वागताय?” मी बराच वेळ गप्प होते. सहा महिने एकत्र काम केलेल्या, जमलेल्या टीमला मी अजून रोज सकाळी काम वाटून देत होते. त्या तासाभरात ‘पीपल’ विभाग मला कळला. पुढे अशा प्रत्येक प्रश्नात मी आधी टीम कुठल्या टप्प्यावर आहे ते शोधायला लागले. बाईंचे मी मनापासून आभार मानते.

स्टडी हॉल मी क्लास संपल्यावर घेतलं, आणि हाच क्रम बरोबर आहे. सदस्यत्वाला मुदत असते. मूळ कल्पना माहीत नसताना त्यातले प्रश्न सोडवत बसलं तर ती मुदत नुसती वाया जाते. त्यात छोट्या चाचण्या आहेत, सुटे सरावप्रश्न आहेत आणि पूर्ण लांबीच्या परीक्षा आहेत. वरच्या प्लॅनमध्ये पूर्ण परीक्षा जास्त मिळतात आणि जमत असेल तर मी तोच सुचवीन. प्रश्नांवर सोपा, मध्यम, अवघड आणि एक्सपर्ट अशी पातळी लिहिलेली असते. खऱ्या परीक्षेच्या भाषेच्या सगळ्यात जवळ मला हेच प्रश्न वाटले. एक प्रसंग, त्यात चार-पाच ओळींची गुंतागुंत आणि शेवटी “प्रोजेक्ट मॅनेजरनं आधी काय करावं?” चारपैकी दोन पर्याय सरळ बाद होतात. उरलेले दोन्ही बरोबर वाटतात, आणि सगळी परीक्षा त्या दोघांमध्ये असते.

पहिल्या पूर्ण मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, मला जेमतेम ६१ टक्के मिळाले. ६८ चुका. त्या रात्री मी ठरवलं की प्रत्येक चुकीचं स्पष्टीकरण वाचल्याशिवाय नवा प्रश्न सोडवायचा नाही. स्टडी हॉलमध्ये बरोबर उत्तर का बरोबर एवढंच नसतं, बाकीचे तीन का बसत नाहीत हेही लिहिलेलं असतं. त्या सदस्यत्वातला खरा ऐवज हाच आहे. मार्क बघून पुढची परीक्षा सुरू करणारे लोक तो पाहातच नाहीत.

इथेच वही आली. चार रकाने आखले. मी काय निवडलं. निवडताना मनात काय होतं. प्रश्नातला कुठला शब्द निसटला. पुन्हा असं आलं तर काय बघायचं. दुसरा रकाना सगळ्यात अवघड, कारण तिथे स्वतःशी खरं बोलावं लागतं. ६८ चुका लिहायला मला नऊ दिवस लागले. मग त्यांची बेरीज केली. २९ ठिकाणी मी परिस्थिती समजून न घेता थेट कृती केली होती. १७ ठिकाणी जे माझं काम होतं ते स्पॉन्सरकडे (प्रकल्पाला पैसा आणि पाठबळ देणाऱ्याकडे) किंवा वरिष्ठांकडे सरकवलं होतं. ११ ठिकाणी एजाइलचा शब्दच नीट माहीत नव्हता. ६ ठिकाणी वाचताना शब्द निसटला. गणिताच्या आणि व्याख्येच्या चुका फक्त ५. क्लासनं ज्याची दोन महिने तयारी करून घेतली त्यात माझ्या ५ चुका होत्या आणि ज्याबद्दल कुणी बोललं नव्हतं त्यात ४६.

उदाहरण देते. खऱ्या परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत हे मान्य करूनच आपण तिथे बसतो, त्यामुळे हा प्रश्न मी माझ्या कामावरून बनवला आहे. कमिशनिंगला तीन आठवडे उरले आहेत. जोडणीच्या टीममधली एक अनुभवी तंत्रज्ञ सांगते की ग्राहकाच्या इंजिनिअरनं परस्पर तिला सांगून दोन जादा सेन्सर जोडून घेतले. सेन्सर चालताहेत. प्रोजेक्ट मॅनेजरनं आधी काय करावं? जोडणी काढायला लावावी, ग्राहकाच्या मॅनेजरकडे हा विषय न्यावा, या बदलाचा वेळेवर, खर्चावर आणि सुरक्षिततेवर काय परिणाम होतो ते टीमबरोबर तपासावं, की चेंज रिक्वेस्ट, म्हणजे बदलाचा रीतसर प्रस्ताव, बदलांना मंजुरी देणाऱ्या मंडळापुढे ठेवावी?

तयारीच्या सुरुवातीला मी डोळे मिटून चेंज रिक्वेस्ट निवडली असती. बदल म्हणजे चेंज रिक्वेस्ट असं डोक्यात बसलेलं. आता मी परिणाम तपासणं निवडते. चेंज रिक्वेस्ट करायचीच आहे, पण ती नंतरची पायरी. परिणाम माहीत नसेल तर मंडळ ठरवणार कशाच्या आधारावर? आणि त्याच प्रश्नात “परिणाम तपासून झाला आहे” असे चार शब्द घातले की उत्तर बदलतं आणि चेंज रिक्वेस्ट बरोबर ठरते. प्रकल्प एजाइल असेल तर ती मागणी प्रॉडक्ट ओनरकडे (काय आधी बनवायचं ते ठरवणाऱ्याकडे) जाते आणि बॅकलॉगमध्ये, म्हणजे उरलेल्या कामांच्या यादीत, तिचा क्रम तो ठरवतो. एकच प्रसंग, तीन उत्तरं. म्हणून मी प्रत्येक प्रश्नात दोन गोष्टी शोधायला लागले: प्रकल्प कुठल्या पद्धतीनं चाललाय आणि आत्तापर्यंत काय होऊन गेलंय. ‘आधी’, ‘पुढे’, ‘टाळण्यासाठी काय करायला हवं होतं’ हे शब्द वहीत लाल पेनानं लिहिले.

एजाइलसाठी मला वेगळा महिना द्यावा लागला. स्क्रम ही एजाइल कामाची एक रीत. तिचं ‘स्क्रम गाइड’ मोफत मिळतं आणि लहानसंच आहे. ते मी तीनदा वाचलं. २००१ च्या एजाइल मॅनिफेस्टोची ४ मूल्यं आणि १२ तत्त्वं वहीच्या पहिल्या पानावर लिहिली. शब्द लवकर पाठ झाले, मन वळायला वेळ लागला. रोजच्या १५ मिनिटांच्या डेली स्क्रममध्ये प्रोजेक्ट मॅनेजर हिशेब मागायला नसतो, टीम आपलं काम आपसात जुळवते, ही गोष्ट मला आधी पटतच नव्हती. मग मी आमच्या टीमला पंधरा दिवस सकाळचं बोलणं स्वतःहून करू दिलं आणि बाजूला उभी राहिले. चौथ्या दिवशी वायरिंगवाल्या दोघांनी माझ्याकडे न बघता आपसात पॅनलची अदलाबदल ठरवली. ती अदलाबदल मी सुचवली असती त्यापेक्षा सरस होती. त्यानंतर ‘सर्व्हंट लीडर’चे (हुकूम न सोडता टीमला मदत करणाऱ्या नेत्याचे) प्रश्न फारसे चुकले नाहीत.

गणिताची धास्ती घेऊ नका, पण ते सोडूही नका. अर्न्ड व्हॅल्यू, म्हणजे झालेल्या कामाची बजेटातली किंमत, समजून घ्या. एकूण बजेट २००, आजपर्यंत १०० चं काम व्हायला हवं होतं, झालं ८० चं आणि खर्च झाला १००. सीपीआय (झालेलं काम भागिले खर्च) ०.८, एसपीआयही (झालेलं काम भागिले व्हायला हवं होतं ते काम) ०.८. खर्चाचा हाच वेग राहिला तर शेवटी २५० लागतील. हे एकदा आपल्या प्रकल्पाचे आकडे घालून केलं की पुन्हा पाठ करावं लागत नाही. माझ्या परीक्षेत आकडेमोड अगदी थोडी होती. आकडे देऊन “आता काय कराल” असं विचारणारे प्रश्न जास्त होते.

वेळेची तयारी वेगळी करा. मी परीक्षा दिली तेव्हा १८० प्रश्न होते आणि २३० मिनिटं. एका प्रश्नाला सव्वा मिनिटाच्या जरा वर. त्या १८० पैकी ५ प्रश्न गुणांत धरत नव्हते, पण ते कुठले हे कळत नव्हतं. ६० आणि १२० प्रश्नांनंतर दहा-दहा मिनिटांचा ब्रेक मिळायचा, आणि एकदा ब्रेक घेतला की मागच्या ६० कडे परत जाता येत नव्हतं. हे मॉकमध्येही तसंच पाळा. मी शेवटच्या तीन पूर्ण परीक्षा रविवारी सकाळी, खऱ्या परीक्षेच्याच वेळेला, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून दिल्या. त्यांत ७३, ७४ आणि ७८ टक्के मिळाले. एक्सपर्ट पातळीचे प्रश्न शेवटपर्यंत चुकत राहिले. तेवढ्यावरून खचून तारीख पुढे ढकलू नका. सोपे, मध्यम आणि अवघड प्रश्न किती बरोबर येतात ते वेगळं काढून पाहा.

परीक्षा घरूनही देता येते. मी केंद्रावर जाऊन दिली, आणि घरात माणसं असतील तर तेच बरं. लॉकरमध्ये सगळं ठेवलं, खिसे उलटे करून दाखवले, चष्माही काढून तपासला. पुसता येणारी पाटी आणि मार्कर मिळाला. पाटीवर मी दोनच आकडे लिहिले: १५३ आणि ७७. साठाव्या प्रश्नाला १५३ मिनिटं उरायला हवीत, एकशेविसाव्याला ७७.

पहिले ६० संपले तेव्हा १५९ उरली होती. तपासणीच्या पडद्यावर तीन प्रश्नांना खूण केलेली. दोन तसेच ठेवले. तिसरा उघडून पुन्हा वाचला आणि ‘आधी’ हा शब्द आता दिसला. उत्तर बदललं. मग ब्रेकचं बटण. तिथे बोट थबकलंच, कारण आता ते साठ कायमचे बंद होणार होते. बाहेर जाऊन पाणी प्यायले, तोंडावर पाणी मारलं, खांदे सैल केले. ब्रेक घेतलाच पाहिजे असं मी सगळ्यांना सांगते.

दुसऱ्या भागात मागे पडले. जोड्या लावायचे दोन प्रश्न लागोपाठ आले आणि त्यातल्या एकावर मी चार मिनिटं बसले. एकशेविसाव्याला ७३ उरली होती. तेव्हा एक नियम केला: दोनदा वाचून दोन पर्याय उरले की एक निवडायचा, खूण करायची, पुढे जायचं. तिसऱ्या भागात नवं काहीच वाटलं नाही. बहुतेक प्रश्न वाचताना वहीतलं एखादं पान आठवत होतं: हा सेन्सरसारखा, हा स्पॉन्सरकडे पळण्याचा, हा टीम अजून जमलेली नसल्याचा. चार मिनिटं शिल्लक असताना संपवलं. बाहेर काउंटरवर छापील कागद मिळाला. तो हातात घेऊन मी जिन्यावर बसले आणि आधी मुलीला फोन केला. सविस्तर निकाल नंतर आला: प्रोसेस आणि बिझनेस एन्व्हायर्नमेंटमध्ये अबव्ह टार्गेट, पीपलमध्ये टार्गेट.

कुणी काय घ्यावं याबद्दल माझं मत असं आहे. ३५ तास कुठूनही पूर्ण करा, पण चालू आराखड्याप्रमाणे शिकवणाऱ्याकडेच. रेकॉर्ड केलेला क्लास चालतो. समोरासमोर शिकवणारं चांगलं माणूस मिळालं तर भाग्य. मॉकसाठी स्टडी हॉल घ्या, आणि नोकरी करत असाल तर हातात किमान दहा आठवडे ठेवून घ्या. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना एजाइल सोपं जाईल. त्यांनी खरेदी, करार आणि बदल नियंत्रणाला वेळ द्यावा. माझ्यासारख्या साइटवरच्या लोकांनी उलट करावं. आणि “खरे प्रश्न” विकणाऱ्यांच्या जवळही जाऊ नका. निकाल रद्द होऊ शकतो, आणि तो रद्द झाला नाही तरी तुमच्या टीमला तुमच्याकडून जे मिळायला हवं ते त्यातून येत नाही. पास झाल्यावर दर ३ वर्षांनी ६० पीडीयू, म्हणजे पुढच्या शिक्षणाच्या तासांचे गुण, जमवावे लागतात. त्यांची नोंद पहिल्या महिन्यापासून ठेवा.

माझं स्टडी हॉलचं सदस्यत्व संपलं. वही आता आमच्याच कंपनीतल्या खरेदी विभागातल्या सहकाऱ्याकडे आहे. त्यानं परवा पहिलं मॉक दिलं, ५८ टक्के. काल संध्याकाळी आम्ही दोघं बसलो आणि तीन तासांत त्याच्या २० चुका लिहून झाल्या. माझं वेगळं होतं, मी धावत सुटायचे. त्याच्या २० पैकी १२ चुका एकाच प्रकारच्या निघाल्या: तो प्रत्येक प्रसंगात आधी करार उघडतो. ते बघून त्यानं स्वतःच वहीचं नवं पान उलटलं आणि वर मथळा लिहिला, “आधी माणसाशी बोल.”